खंडेनवमीचा गंज

दसऱ्याच्या सकाळी गेणू सानप स्टुलावर उभे राहून दाराला झेंडूचं तोरण बांधत होते, तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"काका, मी तरन्नुम. दातीरसाहेबांच्या बंगल्यावर आहे. ते म्हणतात, मी त्यांचे चाकू मारले."

"चाकू मारले? कुणाला?"

"कुणाला नाही हो! चाकूच मारले म्हणतात. सगळे गंजलेत. एकशे बारा. संध्याकाळी पोलिसांत लिहून देणारेत. कॅम्पातल्या लष्करी मेसवाल्यांना त्यांनी फोनही केला, तर मेसने धारेचं काम काढून घेतलं. काका, तेवढ्यावरच तर दुकान चालतं."

गेणूंनी तोरण अर्धवट सोडलं. तीस वर्षं त्यांनी लष्कराच्या कारखान्यात लोखंडाची दुखणी काढली होती. देवळाली कॅम्पच्या बाजारात इसाकचं चाकू-कात्र्यांचं दुकान होतं, आणि इसाक त्यांचा जिवाभावाचा दोस्त. मागच्या दिवाळीत तो गेला. आता दुकानावर त्याची लेक बसत होती, आणि बापापेक्षा तसूभरही कमी नव्हती. तिच्यावर असा आळ? गेणूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गंगापूर रोडवरच्या बंगल्यात पुंजाराम दातीर त्यांची वाटच बघत होते. सत्तरीचा धिप्पाड माणूस. बापाचे द्राक्षमळे विकून झालेला बिल्डर. नाद एकच, जुने घडीचे चाकू. मूठ नुसती चाचपून ती कशाची ते सांगतो, अशी त्यांची फुशारकी होती, आणि खोटं कशाला बोला, बहुतेक वेळा खरीही होती.

खोलीत सागवानी कपाट होतं. एकावर एक सात खण, प्रत्येकात हिरव्या लोकरी कापडाची बनात, तिच्यावर ओळीने चाकू. गेणूंनी वरचा खण ओढला. कापराचा वास आला.

"पूजा इथेच झाली का काल?"

"कसली पूजा! खंडेनवमी म्हणून काल सकाळी उघडलं, तर हे दृश्य. मी तिथेच मटकन खाली बसलो. बायकोने पाणी दिलं म्हणून वाचलो."

"त्याआधी कधी उघडलं होतं?"

"गेल्या खंडेनवमीला. इसाकशी बिनसलेलं, तो आजारीही, म्हणून ही पोरगी आली. हिने तेल लावलं, बायकोने हळदकुंकू वाहिलं, एकेक चाकू खणात मांडला, मी कुलूप घातलं. दसरा झाला आणि मी मुलाकडे मेलबर्नला गेलो. किल्ली गळ्यात. आलो तो आठ दिवसांपूर्वी. आता तुम्हीच सांगा, तेलाशिवाय दुसरं काय शिरलं असेल आत?"

"पण ती असं का करील?"

"बापाचा राग. एका चाकूची मूठ बदलून दे म्हटलं, तर इसाक नाही म्हणाला. मला शिकवायला लागला. दाराबाहेर काढला त्याला मी."

तरन्नुम कोपऱ्यात ओठ आवळून उभी होती. गेणूंनी तिला विचारलं, "त्या दिवशी तेच तेल आणखी कशाला लावलंस, बेटा?"

"हॉलमधल्या शोकेसचे नऊ चाकू. तीच वाटी, तेच फडकं."

गेणू हॉलमध्ये जाऊन आले. नऊच्या नऊ चाकू लखलखत होते.

"ते मुद्दाम सोडले असतील," पुंजाराम गुरगुरले.

गेणू खणामागून खण बघत गेले. वरच्या खणात म्हशीच्या शिंगाच्या मुठींचे चाकू, पात्यांवर तांबूस ठिपके. चौथ्यात शिसवी मुठींचे. त्यांची पाती खरवडल्यासारखी झालेली, आणि आतली मागची स्प्रिंगही गंजलेली. फडकं तिथवर पोचतच नाही. सहाव्यातल्या पितळी मुठी तर कल्हई उडालेल्या भांड्यात चिंच ठेवावी तशा हिरव्या पडल्या होत्या. सातव्यात सगळ्यात वाईट हाल.

पण सातव्या खणात एक चाकू स्वच्छ होता. लहानसा, टोकाला वाकडा, मूठ पांढऱ्या हाडाची. जणू आत्ताच कुणीतरी पुसून ठेवलेला.

"हा कोणाचा?"

"सासऱ्यांचा. वणीकडे द्राक्षाची कलमं बांधायचे. पोलाद अस्सल, पण मूठ अगदी भिकार लाकडाची, झिजून एका बाजूला दबलेली. इसाकने हात लावला नाही, म्हणून दुसऱ्याकडून उंटाच्या हाडाची बसवून घेतली. आता कसा राजबिंडा दिसतो बघा!"

झुंबरबाई, पुंजारामांच्या पत्नी, चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या. त्या कप ठेवून भिंतीशी उभ्या राहिल्या.

गेणूंनी खणातले चाकू एकेक करून उचलले. बनात पिवळट पडली होती, पण प्रत्येक चाकूखाली त्याच्या आकाराची हिरवी सावली तशीच राहिली होती. कलमाच्या चाकूखाली मात्र सगळी बनात पिवळीच होती. मग त्यांनी खाली वाकून सातव्या खणाखालची फळी बोटांनी मोजली. चार बोटं भरली.

ते तरन्नुमला व्हरांड्यात घेऊन गेले.

"तुझे अब्बा कापराचा वास येणाऱ्या मुठीला काय म्हणायचे?"

"कचकडा. जुन्या बाहुल्या, कंगवे असायचे ना, त्याचाच. अब्बा तसले चाकू दुकानात ठेवतच नसत. बाहेर खिळ्याला डबा टांगलेला. म्हणायचे, जुना कचकडा सडायला लागला की वाफ सोडतो, शेजारच्याचं लोखंड खातो. पण काका, साहेबांकडे कचकडा नाही. त्यांना तर त्याची नफरत आहे."

"डब्यात किती होते?"

"तीन. अब्बा गेल्यावर मोजले तर दोन. तिसरा कुठे गेला, पता नाही."

"इकडून दुकानावर कोण यायचं?"

"बाई यायच्या. अब्बांची तबियत विचारायला. बस."

गेणू खोलीत परतले. "दातीरसाहेब, बसा. वहिनी, तुम्हीपण बसा."

झुंबरबाई खुर्चीत टेकल्या. त्यांच्या चेहऱ्यावर घाबरल्याची खूण नव्हती.

"तेलात काही नव्हतं," गेणू म्हणाले. "असतं तर शोकेसमधले चाकूही गेले असते, आणि तेल पोचत नाही तिथे गंज चढला नसता. हे वाफेचं काम आहे. वरच्या खणात कमी, खाली जास्त. म्हणजे वाफ निघाली सातव्या खणाच्याही खालून. खाली चार बोटांची फळी आहे, तिला मूठ नाही. दातीरसाहेब, ती उघडा."

"तिथे काही नाही."

"मग पोलिसांसमोरच उघडू."

पुंजारामांचा चेहरा उतरला. कपाळाचा घाम पुसत त्यांनी गळ्यातली बारीक किल्ली काढली आणि फळीतल्या भोकात फिरवली. चोरखण बाहेर आला, त्यासरशी कापराचा आणि त्यामागून तेजाबासारखा उग्र भपकारा सुटला. आत एकच चाकू होता. पिवळ्या-तपकिरी ढगांची मूठ तडकलेली, चिकट, खिळ्यांभोवती हिरवं पाणी साचलेलं.

"हे काय झालं याचं!" पुंजाराम ओरडले. "कासवाच्या पाठीची मूठ होती ही! अस्सल!"

"आणि कासवाच्या पाठीवर कायद्याने बंदी आहे, म्हणून लपवलीत."

पुंजारामांनी चोरखण परत आत ढकलायला हात घातला.

"लपवलीत, म्हणून एकाही जाणकाराला दाखवता आली नाही. तरन्नुमने नुसती हुंगली असती तरी सांगितलं असतं, हा कचकडा आहे. आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखे तुम्ही स्वतःच्या हाताने तो कपाटाच्या पोटात ठेवून गेलात. वर उन्हाळा, खोली बंद. कोणी दिला होता हा चाकू?"

पुंजारामांनी मान हळूहळू वळवली. झुंबरबाईंच्या खुर्चीकडे.

"सांगू नका, मला माहीत आहे," गेणू म्हणाले. "हा कलमाचा चाकू वर्षभर त्या खणात नव्हताच. त्याच्याखाली सावली उमटलेली नाही. गेल्या खंडेनवमीला चाकू मांडताना कुणीतरी तो पदराआड घेतला. आणि काल साहेब खाली बसले, त्या गोंधळात परत ठेवला. खालून काय येणार हे ज्याला ठाऊक होतं, त्यानेच तेवढा एक वाचवला. चाकू मांडले होते वहिनींनी."

"हां," झुंबरबाई म्हणाल्या. "मीच."

"झुंबर!"

"वरडू नका. लय वरडलात आजवर." त्या सावकाश, एकेक शब्द सोलल्यासारखा बोलत होत्या. "कचकडा लोखंड खातो, हे इसाकभाईकडूनच ऐकलं व्हतं. त्यांच्याच डब्यातून मी तो मागून घेतला. त्यांना म्हणाले, हाराचा दोरा कापायला हवाय. ह्यांना म्हणाले, वणीच्या एका जुन्या घरातला हाय, कासवाचा. ह्यांना बंदीची चीज दिली की हे कुणाला दाखवणार नायत, एवढं मला चाळीस वर्षांत कळलंय."

"पण का? माझी चाळीस वर्षं सडवलीस तू!"

"माझ्या बापाने त्या चाकूने चाळीस वर्षं कलमं बांधली. लाकडाच्या मुठीला त्याच्या अंगठ्याचा खळगा पडला व्हता. बाप गेला, तवा मी त्यात माझा अंगठा ठेवून बसायची. इसाकभाईने तो खळगा बघितला अन् म्हणाला, ह्याला हात लावणार नाय. तुम्ही दुसऱ्याकडून मूठ उचकटून घेतली. मी म्हणाले, निदान ते लाकूड तरी द्या. तुम्ही ते माझ्यासमोर बंबात टाकलं. आंघोळीचं पाणी तापवलं त्यावर." त्यांचा आवाज पहिल्यांदा चिरकला. "तुमची एकेक मूठ, एकेक पातं तुमच्या डोळ्यांदेखत सडावं, एवढंच मला पाहिजे व्हतं. काल तुम्ही खाली बसलात ना, तवा माझ्या जिवाला थंडावा पडला."

गेणूंना त्यांचं दुःख कळत होतं, पण राग आवरेना. "आणि ह्या पोरीचं काय, वहिनी? दोन दिवस तुम्ही गप्प बसलात."

झुंबरबाईंनी तरन्नुमकडे बघितलं आणि खाली मान घातली. "तिथं मी चुकले. माझा सूड गोड लागत व्हता, म्हणून गप्प बसले. पोरी, माझ्या तोंडात शेण घाल."

पुंजारामांनी तक्रारीचा कागद पुढे ओढला. "मी लिहून देतो. तुझं नाव लिहितो."

"लिहा की. पण कारणासकट लिहा. कासवासकट लिहा. तुम्ही काय म्हणून तो चोरखणात ठेवलात, ते पहिल्या ओळीत येऊ द्या. अन् मुठी चाचपून वळखणाऱ्या पुंजाराम दातीराला कचकडा वळखला नाय, ते दुसऱ्या ओळीत."

पुंजारामांनी पेनाचं टोपण लावलं.

"आधी मेसला फोन लावा," तरन्नुम म्हणाली. आवाज बारीक होता, पण हटणारा नव्हता. "माझ्यासमोर. आणि उद्या बाजारात, माझ्या दुकानापुढे उभं राहून सगळ्यांना सांगा. अब्बांचं नाव घेऊन सांगा."

पुंजारामांनी फोन लावला. बोलताना त्यांचा आवाज कुणाला ऐकू येऊ नये असा होता, म्हणून तरन्नुमने फोन स्पीकरवर टाकून सगळं पुन्हा मोठ्याने म्हणायला लावलं.

निघताना झुंबरबाई फाटकापर्यंत आल्या. त्यांनी कलमाचा चाकू तरन्नुमच्या हातावर ठेवला.

"हे हाड काढून टाक. साधी शिसवी मूठ बसव."

"तुमच्या अब्बांसारखी? खळगा कोरून देऊ?"

"नको," झुंबरबाई म्हणाल्या आणि अंगठा मुठीवर घट्ट दाबला. "खळगा मी पाडते."