विहिरीत सोडलेला कंदील

त्या दुपारी गोपिका नागपूरहून कळमेश्वरकडच्या शेतावर आली, ती यंत्र काढून न्यायला. महिनाभर ते तिच्या वडिलांच्या विहिरीवर बसवलेलं होतं. नळीनं पाणी ओढायचं, त्यात विरघळलेले वायू वेगळे करायचे आणि अखंड आकडे दाखवत राहायचं, एवढंच त्याचं काम. विहीर तिनं हट्टानं निवडली होती. बळीराम, तिचे वडील, मोटर काढायला याच विहिरीत उतरले आणि गुदमरून गेले. आधी पेटता कंदील आत सोडून, तो विझतो का हे न पाहताच उतरला, प्यायला असेल, असं गाव म्हणालं. लोकांची तोंडं कोण धरणार!

"पाहिली होती वं त्यायनं हवा. कंदील पेटूनच राहिला होता," आई, शोभाताई, आजही तेच म्हणाल्या आणि पदरानं कंदिलाची काच पुसू लागल्या. बळीराम दिव्याला कधी फुंकर मारत नसत. बोटं ओली करून वात चिमटीत दाबायचे.

पण महिनाभर यंत्राचे आकडे निमूट खालीच होते. हवा चांगली, तर माणूस मेला कसा? गोपिकाला आईकडे पाहवेना.

त्यातच वर ओढताना नळी खाली कपारीत अडकली. शोभाताईंनी दोरीनं कंदील सोडला. पाण्याजवळ ज्योत संथ जळत होती.

"पाय, पेटून राहिला ना... उतरते मी," गोपिका म्हणाली.

"नको वं... मले भेव वाटून राहिलं."

गोपिका लोखंडी कड्या धरून उतरू लागली. शेवाळाचा गार वास आला. पारव्यांचं घुमणं थांबलं. आणि खालचा कंदील विझला. ज्योत फडफडलीसुद्धा नाही. ती जीव मुठीत धरून वर आली.

थोड्या वेळानं खाली पाणी बुडबुडू लागलं. मग यंत्राचा आकडा चढला, चढतच गेला. एवढा विषारी वायू त्या पाण्यातून महिनाभरात कधी निघाला नव्हता.

"आई... बाबाची चूक नव्हती. हवा चांगलीच होती. वायू मागून आला..." गोपिकाला रडू आवरेना.

शोभाताईंनी कंदील वर ओढला. काच वर करून पाहिलं. वात ओली होती, मधोमध चिमटून चपटी झालेली. त्यांनी तिथं आपली दोन बोटं ठेवली. चिमटीच्या खाचा त्यांच्या बोटांहून मोठ्या होत्या.

त्या विहिरीत वाकल्या.

"पोरीले वर धाडलं..." त्या हलकेच म्हणाल्या, "मंग तुमी काहून नाही आले?"

खालचे बुडबुडे थांबले.