तिसऱ्या मजल्याचं वाय-फाय

"परत 'पासवर्ड चुकीचा'!" सायलीनं टॅब सोफ्यावर आपटला. "आता हा टॅबच माझ्यावर चिडेल!"

"दे इकडे. तू नक्की काहीतरी चुकीचं टाकतेयस," विकास म्हणाला.

"हो का? मग टाक तूच, पुण्याच्या महापंडिता!"

महापंडितांनी टाकला. टॅबनं तेच उत्तर दिलं. धाकटा बबलू खदाखदा हसला आणि सोफ्यावरून खाली पडला.

सायली आणि बबलू अमेरिकेतल्या फीनिक्सचे. ऑक्टोबरच्या सुट्टीत आई-बाबांबरोबर आले होते. चुलतभाऊ विकास पुण्याहून त्यांना येऊन मिळाला होता. हैदराबादेत तीन दिवस! चारमिनार, गोवळकोंडा आणि पोट फुटेस्तोवर बिर्याणी, असा सगळा बेत! हॉटेलऐवजी बाबांनी अंबरपेठेतला एक फ्लॅट भाड्यानं घेतला होता. घरमालकीण कुसुमताईंचा निरोप अगदी साधा होता : 'तिसरा मजला, जिन्याजवळचं दार. किल्ली मनीप्लांटच्या कुंडीखाली.' सोबत तिच्या वाय-फायचं नाव आणि पासवर्ड.

काल संध्याकाळी पोचले, तेव्हा इमारतीचं रंगकाम चालू होतं. दारांवरचे नंबर काढून ठेवलेले, लिफ्ट बंद. बाबा बॅगा घेऊन, जोरजोरात मजले मोजत वर चढले. कुंडी सापडली, किल्ली सापडली, दार उघडलं. सगळे दमून झोपले.

पण सकाळपासून सायलीच्या डोक्यात काहीतरी वळवळत होतं.

"बाबा, बुकिंगच्या फोटोत पडदे पिवळे आहेत. इथे निळे आहेत."

"फोटोत असंच असतं गं. धुवायला टाकले असतील."

"आणि वाय-फाय?"

"राउटर बिघडला असेल." बाबांचा अमेरिकेतला फोन इथे चालत नव्हता. नवीन सिमकार्ड 'नंतर' घ्यायचं होतं. बाबांच्या निम्म्या गोष्टी 'नंतर' असायच्या!

"आणि बाल्कनीत शाळेचा युनिफॉर्म वाळतोय तो?"

"आधीचे पाहुणे विसरले असतील. सायली, प्रत्येक गोष्टीत रहस्य नसतं!"

स्वयंपाकघरात आई मात्र खुशीत होती. ओट्यावरच्या पातेल्यात इडलीचं पीठ इतकं फुगलं होतं, की झाकण टोपीसारखं वर उचललं गेलं होतं. "किती प्रेमळ घरमालकीण! पाहुण्यांसाठी पीठसुद्धा आंबवून ठेवलंय!" असं म्हणत आईनं इडल्या लावल्याही.

"फक्त साफसफाई केली नाही," बाबा म्हणाले. "बाल्कनीत केवढं गवत पसरलं होतं! वर्तमानपत्रांवर, गोणपाटात... सगळं पोत्यात भरून खाली फाटकाशी ठेवून आलो."

सायली थबकली. काल झोपेच्या गुंगीत तिनं ते गवत पाहिलं होतं.

"बाबा, ते गवत गुलाबी होतं. थोडं हिरवं, थोडं जांभळं. गवत गुलाबी असतं?"

"रंगाऱ्यांनी सांडलं असेल!" बाबा टॉवेल घेऊन न्हाणीघरात शिरलेसुद्धा.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"रंगारी भिंतींना क्रीम कलर देतायत," विकास हळूच म्हणाला.

"आणि बाथरूममधला तो ब्रश पण आपला नाही!" बबलूचे डोळे चमकले. "आपण भुताच्या घरात राहतोय!"

"भूत इडलीचं पीठ आंबवत नाही, वेड्या!" सायली उठली. टॅब घेऊन ती घरभर फिरायला लागली. दिवाणखान्यात कुसुमताईंच्या वाय-फायच्या सिग्नलची एकच कांडी दिसत होती. दाराशी दोन. ती दार उघडून जिन्यात गेली. "विकास! बबलू! इकडे या! बघा, खाली उतरले की कांडी कमी होते."

"आणि वर?"

तिघंही पावलं न वाजवता वर निघाली. एक वळण. तीन कांड्या! अजून थोडं वर. टॅब 'टुंग' करून वाजला.

"लागलं! त्याच पासवर्डनं लागलं! खाली सिग्नलच पुरत नव्हता!" सायली किंचाळली.

समोर दार होतं. दाराला झेंडूचं तोरण, खाली ताजी रांगोळी, बाजूला मनीप्लांटची कुंडी. बबलूनं कुंडी तिरकी केली. खाली किल्ली!

तेवढ्यात दार उघडलं. पिवळ्या पडद्यांच्या पुढे, हातात उलथनं घेऊन एक गोल चेहऱ्याच्या बाई उभ्या होत्या.

"कोण रे तुम्ही? कुंडी काय हलवायलेत?"

"तुम्ही कुसुमताई? आम्ही फीनिक्सहून आलोय!"

"अगं बाई! अमेरिकेवाले!" कुसुमताईंनी कपाळावर हात मारला. "कालपासून शेजारच्या माझ्या घरून चकरा मारून, वाट बघून बघून परेशान झाले मी! फोन लागंना, मेसेज जाईना. माझे पहिलेच पाहुणे, अन् तेच गायब! कुठं होते रे?"

"खाली. एक मजला खाली," विकास म्हणाला आणि एकदम थांबला. "सायली! काका जिना चढताना कसं मोजत होते?"

"तळमजल्याला 'वन' म्हणाले..." सायलीनं डोळे मोठे केले. "अमेरिकेत तळमजला म्हणजेच पहिला मजला!"

"आणि इथे त्याच्यावरचा पहिला! काकांनी अमेरिकेच्या हिशेबानं मोजलं, म्हणून आपण इथल्या दुसऱ्या मजल्यावर शिरलो!"

"मग ते घर कुणाचं?" बबलूनं विचारलं.

कुसुमताईंचं उलथनं हातातच राहिलं. "ते तर हिम्मतरावांचं! आजीला आणायला सगळे गावाला गेलेत. त्यांच्याही दाराशी मनीप्लांट आहे, त्याच्या कुंडीखाली किल्ली माझ्यासाठी ठेवली होती, त्यांच्या मुलीच्या, रेणूच्या फुलांवर पाणी शिंपडायला. काल रात्री गेले तर किल्लीच नाही! वाटलं, नेली वाटतं चुकून."

"फुलं?" सायली पुढे सरकली. "गुलाबी, हिरवी, जांभळी?"

"हौ! बतुकम्माची फुलं, इथल्या नवरात्रातल्या सणाची. गुनुगु, म्हणजे आपला कुर्डू, रंगात बुडवून रंगवलेला. अन् गोणपाटात तरवड. फुलांचे थरावर थर लावून बतुकम्मा रचतात, अन् बायका तिच्याभोवती फेर धरतात. दरवर्षी आजी रचायची. आता तिचे हात थरथरतात. म्हणून यंदा रेणू एकटी रचणार, अन् आजी फक्त बघणार. आज संध्याकाळीच! मोकळ्या जागा हिंडून हिंडून जमवली पोरीनं, काटे टोचून घेतले..."

तेवढ्यात खालून लाऊडस्पीकर खणखणला. तेलुगूत काहीतरी घोषणा, मग गाणं.

"हे काय?" विकासनं विचारलं.

"कचऱ्याची ऑटो," कुसुमताई म्हणाल्या.

सायलीनं टॅब त्यांच्या हातात कोंबला. "पळा!!"

तिघंही सुटली! विकास दोन-दोन पायऱ्या गाळत, सायली कठड्याला धरून गरकन वळत, बबलू तर चक्क कठड्यावरून घसरत! दुसऱ्या मजल्यावर बाबा टॉवेल गुंडाळून दारात उभे. "अरे, काय झालं?"

"बाबा, आपण चुकीच्या घरात आहोत!"

"काय?"

"नंतर सांगते!"

पहिल्या मजल्यावर रंगाऱ्याची शिडी आडवी. बबलू खालून सुळकन गेला, विकासनं उडी मारली, सायलीच्या वेणीला क्रीम कलर लागला. लागू दे!

फाटकाशी ऑटोवाल्यानं पोतं उचललंही होतं.

"स्टॉप! थांबा! रुको!" सायली तीन भाषांत ओरडली. गाण्याच्या आवाजात काहीच पोचेना. पोतं वर गेलं...

बबलूनं सूर मारला आणि पोत्याला मिठीच घातली. आता पोत्याबरोबर बबलूही हवेत!

"आगंडी! आगंडी!" तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून कुसुमताईंनी तेलुगूत 'थांबा'चा असा पुकारा केला, की गाणंसुद्धा फिकं पडलं. ऑटोवाला दचकून थांबला. त्यानं पोत्याला लटकलेल्या बबलूकडे पाहिलं आणि दोघांनाही अलगद खाली ठेवलं.

त्याच क्षणी नामपल्ली स्टेशनवरून आलेली रिक्षा फाटकाशी उभी राहिली. आई-वडिलांच्या पाठोपाठ आजीचा हात धरून एक मुलगी उतरली. पोत्याच्या तोंडातून डोकावणारे गुलाबी तुरे तिनं पाहिले.

"माझी फुलं! इथं? कचऱ्यात?"

बबलू पोतं धरून तसाच बसला होता. सायली पुढे झाली. आता गप्प बसून चालणारच नव्हतं.

"रेणू, आम्ही चुकून तुमच्या घरात राहिलो. आमच्या बाबांना हे गवत वाटलं. पण फुलं कचऱ्यात पडलेली नाहीत, शपथ! पोतं नवीन आहे."

"गवत?" रेणूचे डोळे भरून आले, नाक लाल झालं. "तुमच्या बाबांना म्हणावं, ते गवत एकदा तोडून दाखवा!"

"दाखवतील! आणि आत्ता आम्ही तिघं तुझे हमाल. काय सांगशील ते करू."

रेणूनं पोतं उघडलं. तुरे थोडे चुरगळले होते, तरवड थोडा सुकला होता, पण रंग तसेच लखलखीत! तिनं डोळे पुसले. "आधी पाणी शिंपडा. आजी, होईल ना गं?"

जयवंता आजींनी फुलं हातात घेऊन पाहिली. "होतंय की! पण रचायची तूच. पाहुण्यांना देठं कापायला बसव."

वर गेल्यावर अजून एक गंमत झाली. रेणूच्या आईनं स्वयंपाकघरात पाऊल टाकलं, तर कुणी अनोळखी बाई तिच्याच ओट्यापाशी इडल्या काढत होत्या! सायलीची आई लाजेनं चूर झाली. आजी मात्र खुर्चीत टेकत म्हणाल्या, "प्रवासातून यावं अन् गरम इडली तयार असावी! असे चोर रोज येऊ देत बाई!"

हिम्मतराव इतके हसले, की बाबांनाही हसू आलं. बाबांनी रेणूची माफी मागितली, अगदी कान धरून. मग तरवडाची सुकलेली फुलं निवडायला मांडी घालून बसले. 'नंतर' न म्हणता!

दुपारभर परातीत थर चढत गेले. भोपळ्याची पानं, त्यावर तरवडाचा पिवळा थर, मग कुर्डूचा जांभळा, हिरवा, गुलाबी. रेणूचे हात भराभर चालत होते. "ए फीनिक्स! देठं सारखी काप की!" ती डाफरत होती आणि सायलीला ते डाफरणं फार आवडत होतं.

संध्याकाळी इमारतीच्या अंगणात बतुकम्मा विराजमान झाली. बायकांनी टाळ्यांच्या तालावर फेर धरला. सायलीची पावलं आधी चुकली, मग जमली.

"पोरांनो, तुम्ही होता म्हणून!" कुसुमताई म्हणाल्या. "माझे पहिले पाहुणे, अन् काय हुशार!"

"मोठ्यांनी आधीच ऐकलं असतं तर पळावं लागलं नसतं," बाबा म्हणाले. सायलीनं ते वाक्य मनात अगदी जपून ठेवलं!

आजी बतुकम्मेभोवती सावकाश एक फेरी मारून थांबल्या. बारीक डोळ्यांनी पाहून म्हणाल्या, "रेणे, सगळे थर सरळ. हा गुलाबी तेवढा वाकडा कसा?"

बबलू हळूच आईच्या मागे लपला.

"तो बबलूनं रचलाय," रेणू म्हणाली. "ज्यानं पोतं सोडलं नाही ना, त्यानं. नीट करू?"

आजींनी थरथरता हात पुढे केला आणि त्या वाकड्या थरावर अलगद ठेवला.

"नक्को," त्या म्हणाल्या. "तो तसाच राहू दे."