रांगेत दुसरा

सम्यक, तो मोबाईल ठेव खाली. श्रुतिका, तू पण ऐक. माझ्या शेजारचा प्रितम आहे ना, पाण्याचे फिल्टर दुरुस्त करतो, त्याच्या बाबतीत झालंय हे. त्यानेच मला सांगितलं. तेही एकदाच.

नऊ नोव्हेंबर, रविवार. पवईच्या एका ऑफिसात फिल्टर बदलायचा होता. सुट्टीचा दिवस, सगळी बिल्डिंग रिकामी. काम आटपून रात्री नऊ चाळीसला तो आठव्या मजल्यावर लिफ्टमध्ये शिरला. पाच आणि चारच्या मध्ये लिफ्ट थांबली. मोबाईलला रेंज नाही. दार बडवलं, ओरडला. खाली वॉचमनपर्यंत आवाज जाईना.

भिंतीत मदतीचा फोन होता. उचलला.

"मराठीसाठी एक दाबा." दाबला. "लिफ्ट बंद असल्यास दोन, आत अडकला असाल तर तीन." तीन दाबला. "आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत. आपण रांगेत दुसऱ्या क्रमांकावर आहात." मग सनई.

वैतागून शून्य दाबला, तर परत पहिल्यापासून. मराठीसाठी एक.

अर्धा तास गेला. पंखा बंद. शर्ट घामाने पाठीला चिकटला. नंबर दुसराच.

सनई अचानक थांबली. लाईनवर कोणीतरी श्वास घेत होतं.

"हॅलो, मॅडम? अडकलोय मी!"

"मॅडम नाय रे..." म्हातारा, दमलेला आवाज. "मी पण थांबलोय. तुझा नंबर कितवा?"

"दुसरा. तुमचा, काका?"

"पहिला... कधीपासून पहिलाच."

"कुठल्या बिल्डिंगमध्ये आहात?"

"ह्याच."

"...कुठल्या लिफ्टमध्ये?"

"ह्याच."

प्रितम वळला. मागे आरसा. आरशात तो एकटा.

"काका..."

"उचलतायत बघ. तू बोल. माझा आवाज नाय जात त्यांना. माझं पण सांग..."

खट्.

"नमस्कार, चेतना बोलतेय. आत किती जण आहात?"

प्रितमने परत आरशात बघितलं. कानाशी श्वास चालूच होता.

"हॅलो? किती जण?"

"...एक."

तिने नाव, मोबाईल नंबर घेतला. फोन ठेवला. श्वास... थांबला.

अकराला मेकॅनिक आला. दार उघडून त्याने प्रितमला वर ओढलं.

"दादा, आत अजून एक काका..."

मेकॅनिकने आत बघितलंही नाही. दार ओढून घेतलं.

रस्त्यावर आल्यावर रेंज आली. मेसेज पडला. मी स्वतः वाचलाय तो.

तक्रार निकाली. सुटका : एक.

प्रतीक्षेत : एक.