थांबा, कळवते

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मावशीची आहे. कुणाच्या कुणाकडून ऐकलेली नाही. आणि रात्रीचीही नाही. बुधवार होता, भर दुपारचे तीन वाजले होते, आणि मावशीच्या नोकरीचा तो शेवटचा दिवस होता.

मावशी एका मोठ्या संस्थेच्या आस्थापना विभागात होती. नोकरीसाठी आलेले अर्ज, त्यांच्या नोंदी, कुणाचं पुढे काय झालं, सगळं तिच्या टेबलावर. खिडकीशी कुणी विचारायला आलं की उत्तर ठरलेलं, "थांबा, कळवते." ऑफिसात तिला पाठीमागे 'थांबाबाई' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, तीही हसण्यावारी न्यायची.

साडेतीनला चार्ज नव्या बाईंकडे द्यायचा होता. त्याआधी संगणकावरची प्रलंबित अर्जांची यादी शून्यावर आणायची होती. नावापुढे 'निवड' किंवा 'नकार' टाकला की नाव जायचं. महिनाभर राबून तिने सहाशे एकोणचाळीस नावं काढली होती.

एकच उरलं होतं.

तिने 'नकार' टाकला. नाव गेलं.

यादी पुन्हा उघडली...

नाव जागेवर होतं.

चार वेळा टाकला. चारही वेळा परत आलं.

वैतागून तिने कपाटातून कागदी फाइल काढली. अर्ज अकरा वर्षांपूर्वीचा. जागा स्टोअरकीपरची. समासात शेरा होता, 'उमेदवाराने कळवेपर्यंत थांबावे.'

अक्षर तिचंच होतं.

मग तिला तो आठवला. दर बुधवारी यायचा, खिडकीसमोरच्या बाकावर बसायचा. "मॅडम, नाही तर नाही म्हणा. पण काय ते एकदा सांगा." जागा केव्हाच दुसऱ्याला गेली होती, पण मावशीची जीभ रेटत नव्हती. पुढे तो यायचा बंद झाला. तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं होतं, याची तिला आजही लाज वाटते.

अर्जावरचा नंबर तिने फिरवला. एका म्हाताऱ्या बाईने फोन उचलला. मावशीने ऑफिसचं आणि त्याचं नाव सांगितलं.



"मी त्याची आई. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली हो."

 माफ करा म्हणून मावशी फोन ठेवणार, तेवढ्यात आई म्हणाली, "ठेवू नका. आज बुधवार ना? त्याच्या चपला मी अजून दारातच ठेवल्यात, टाकवत नाहीत. दर बुधवारी सकाळी त्या तिथं नसतात. संध्याकाळी असतात."

"अहो, काय बोलताय तुम्ही?"

"तुम्ही थांब म्हणालात, म्हणून थांबलाय तो. एकदा नाही म्हणा त्याला, बाई. पोर घरी येईल माझं."

मावशीने फोन ठेवला. आणि खिडकीबाहेर...

फटक... फटक... फटक...

चपला बाकापर्यंत आल्या. थांबल्या.

बाक कुरकुरला.

तिने वाकून पाहिलं. बाकाच्या दोन टोकांना दोन माणसं बसली होती. मधे जागा रिकामी होती, तरी तिसरा भिंतीला टेकून उभा होता.

"मधे कुणी का बसत नाही?" तिने शिपायाला विचारलं.

"बुधवारी तिथं कुणी बसत नाही मॅडम. का, ते नाही माहीत."

मावशी बाहेर गेली.  मनात वाक्य घोकलं होतं, 'तुमची निवड झालेली नाही, घरी जा.' ती त्या रिकाम्या जागेसमोर उभी राहिली.

बाक कुरकुरला. समोर कुणीतरी उठून उभं राहिल्यासारखा...

आणि तीस वर्षांच्या सवयीने मावशीच्या तोंडून गेलं,

"थांबा, कळवते."

बाक पुन्हा कुरकुरला. कुणीतरी परत बसल्यासारखा.

तिने तोंडावर हात मारला. "नाही! नाही! निवड नाही झाली तुमची! घरी जा!" ती ओरडली. बसलेले दोघे घाबरून उठले. बाक हलला नाही. मावशीचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. तीन वाजून एकतीस मिनिटं. चार्ज गेला होता. आता तिच्या 'नाही'ला काही अर्थ नव्हता.

नव्या बाईंना तिने हातापाया पडून सगळं सांगितलं. त्यांनी यादी उघडून दाखवली आणि हसल्या. "काहीतरीच काय मॅडम. यादी तर शून्य आहे."

नाव खरंच गेलं होतं.

मागच्या बुधवारी मी मावशीकडे होतो. सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर चपला होत्या. टाचेला झिजलेल्या, तोंड आमच्या घराकडे. मावशी हात जोडून म्हणाली, "निवड झाली नाही हो. घरी जा." दर बुधवारी म्हणते. चपला हलत नाहीत.

न राहवून संध्याकाळी तिने त्या आईला फोन लावला. स्पीकरवर होता, मी स्वतः ऐकलं.

"बाई, आधी तो निदान संध्याकाळी तरी परत यायचा," आई रडत होती. "आता येतच नाही. तुम्ही काय सांगितलंत हो त्याला?"

 तेच दोन शब्द पुन्हा निघू नयेत म्हणून मावशीने तोंडावर पदर घट्ट दाबून धरला होता.