हात सैल सोडा

वैनतेयनगर पोलिसांच्या संरक्षण प्रयोगशाळेत त्या सकाळी हवालदार मारुती ठोंबरे यांना मारायला चौघे जण रांगेत उभे होते, आणि ठोंबरे अगदी मजेत होते.

पहिल्याने काठी उगारली. म्हणजे उगारणार होता. काठी खांद्यापर्यंत यायच्या आत ठोंबऱ्यांचा डावा हात आपोआप वर गेला, काठी अडली, आणि उजव्या हाताने त्या माणसाला अलगद बाजूला केलं, वाटेतली खुर्ची सरकवावी तसं. ठोंबरे त्या वेळी भिंतीवरच्या पालीकडे बघत होते.

“हात सैल सोडा, ठोंबरे!” काचेमागून डॉ. श्रीरंग टिळेकर ओरडले. “कवचाला तुमची मदत नको आहे.”

“मी कुठे काय करतोय, डॉक्टर? डब्यात आज भाजी काय असेल, एवढाच विचार चाललाय.”

टिळेकरांच्या शेजारी निरीक्षक केशर गावित हाताची घडी घालून उभ्या होत्या. खात्याची स्वसंरक्षणाची तालीम त्या चालवत. खात्यातल्या निम्म्या लोकांना त्यांनी कधी ना कधी गादीवर आपटलं होतं. उरलेले निम्मे त्यांना पाहून जिना बदलत. आयुक्त किल्लेदारसाहेब दोन्ही निम्म्यांत मोडत होते.

“हे कळतं कसं कवचाला?” गावितांनी विचारलं.

टिळेकर खुलले. आपल्या कामाबद्दल कुणी विचारलं की ते एरवीपेक्षा दोन बोटं उंच दिसत. “माणसाने मारायचं ठरवलं ना, मॅडम, की हात हलायच्या आधी शरीर तयारीला लागतं. वजन एका पायावर जातं, खांद्याचे स्नायू ताठतात, श्वास क्षणभर थांबतो. याला आम्ही स्नायुसज्जता म्हणतो. आपल्या डोळ्यांना ती दिसत नाही. या हेतुवेधी कवचातून सूक्ष्मतरंग जातात, समोरच्याच्या अंगावरून परत येतात आणि ती सज्जता टिपतात. मग बाहीतले कृत्रिम स्नायू हात हलवतात. मेंदूला विचारत बसत नाहीत.”

“आणि आपला माणूस स्वतः हात हलवायला गेला तर?”

“तर बाही आणि तो, दोघं एकमेकांशी भांडतात. अर्धा क्षण वाया जातो. म्हणून तर आम्ही त्यांना शिकवतो, हात सैल सोडा. कवच गप्प आहे म्हणजे धोका नाही. कवच हललं तर हलू द्या.”

“तीन महिने हेच शिकवताय?”

“तीन महिने. आता त्यांचं शरीर पूर्ण शांत राहतं.” टिळेकरांच्या आवाजात बापाचं कौतुक होतं.

“आणि मागच्या महिन्यात मानवंदनेच्या वेळी शांत राहिलं नाही, ते?”

टिळेकरांची दोन बोटं कमी झाली. तोवर प्रयोगशाळेत कवच नेहमी एकट्यानेच घातलेलं असे, आणि हल्लेखोर साध्या कपड्यांत. पोलीस एकटा क्वचितच असतो, हे लिहून ठेवण्याइतकं महत्त्वाचं कुणालाच वाटलं नाही. मग अख्खी तुकडी कवचं घालून मैदानात उभी राहिली, आयुक्त आले, आणि सगळ्यांनी एकदम कडक सॅल्यूट ठोकायला हात उचलला. प्रत्येक कवचाला शेजारी वेगाने उठणारा हात दिसला. आयुक्तांना मान द्यायला उभी असलेली तुकडी आयुक्तांच्या देखत एकमेकांवर तुटून पडली. किल्लेदारसाहेब तेवढे सुखरूप होते, कारण सॅल्यूटला उत्तर म्हणून हात उचलण्यात त्यांनी नेहमीप्रमाणे दिरंगाई केली.

“ते सुटलं,” टिळेकर म्हणाले. “आता प्रत्येक कवचावर ही स्वकीय-चकती आहे.” त्यांनी सुपारीएवढी करडी चकती दाखवली. “ही सतत संकेत सोडते, ‘मी आपला आहे.’ तो संकेत ज्याच्याकडून येतो, त्याच्याकडे बाकीची कवचं बघतच नाहीत. कवच धुवायला टाकताना काढता यावी, म्हणून नावाच्या पट्टीसारखी अडकवलेली.”

“हं,” केशर गावित म्हणाल्या. त्यांच्या ‘हं’ला खात्यात लोक घाबरत. टिळेकर खात्यातले नव्हते.

दुपारी चाचणी होती, गावितांच्या तालमीच्या खोलीत. आयुक्तांनी अट साधी ठेवली होती. गावितांनी कवच घातलेल्या तुकडीतल्या एका जरी माणसाला रबरी सुरा टेकवून दाखवला तर तालीम चालू राहील. नाहीतर संध्याकाळी गाद्या उचलायच्या आणि तिथे कवचं चार्ज करायचे कप्पे बसवायचे. पोलिसाने स्वतःला वाचवायला शिकणं हा विषयच अभ्यासक्रमातून जाणार होता.

चाचणीआधी केशर गावित गाद्या झटकत होत्या. ठोंबरे कवच घालून दारात येऊन उभे राहिले.

“मॅडम, राग मानू नका. मी कवचाच्या बाजूने आहे.”

“दिसतंय. अंगावर आहे तुमच्या.”

“तुम्ही शिकवलेलं सगळं मला येत होतं. नाकाबंदीत त्या गाडीतल्या पोराने काच खाली केली, मी वाकलो, आणि त्याने सुरा खुपसला.” ठोंबऱ्यांचा हात बरगडीकडे गेला. “तुमचा आवाज ऐकू आला मला तेव्हा. पण उशिरा. नंतर घरी कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकायचो. बायको म्हणाली, नोकरी सोडा. हे घातल्यापासून झोप लागते.”

केशर गावितांनी गादी खाली ठेवली. “तुम्ही वाचलात कसे, ठोंबरे?”

“डॉक्टर चांगले होते.”

“तुम्ही त्याचं मनगट धरलंत. दुसरा वार बसला नाही. अहवालात आहे.”

“असेल. मला काही आठवत नाही.”

“हाताला आठवत असेल.”

“मॅडम, हाताच्या भरवशावर पोरांना बिनबापाचं नाही करणार मी,” ठोंबरे म्हणाले आणि रांगेत जाऊन उभे राहिले. केशर गावितांनी गादी पुन्हा उचलून झटकली.

चाचणी सुरू झाली. केशर गावित ठोंबऱ्यांवर समोरून गेल्या. बाहीने मनगट धरून त्यांना वळवलं. बाजूने गेल्या, गादीवर. हूल देऊन पाठीमागून गेल्या. पुन्हा गादीवर, आणि या वेळी जरा जोरात. तुकडीत कुणीतरी हसलं. बऱ्याच वर्षांची उधारी त्या हसण्यात वसूल होत होती. ठोंबरे मात्र छताकडे बघत होते.

आयुक्तांनी टाळ्या वाजवल्या. “गावित, आता मान्य करा. माणसाचं शरीर खोटं बोलत नाही, आणि कवच ते वाचतं.”

“मान्य आहे साहेब. कवच उत्तम आहे.”

“मग गाद्या उचलायच्या?”

“चहा होऊ द्या. चाचणी चहानंतर संपवू.”

“संपवायचं काय राहिलंय?” टिळेकर म्हणाले. पण चहा आला होता, आणि पोलीस खात्यात आलेल्या चहापुढे कोणतीही चर्चा टिकत नाही.

आता पोलिसांची एक खोड आहे. बंदोबस्त कुठलाही असो, चहा आला की पहिलं शिरस्त्राण उतरतं, मग पट्टा सैल होतो. कवचात गरमही फार व्हायचं. बाकीच्यांना फोटोसाठी उभं ठेवलं होतं, म्हणून ते तसेच राहिले. ठोंबऱ्यांचं काम झालं होतं. त्यांनी कवच काढून खुर्चीच्या पाठीवर टाकलं आणि बनियनवर वारा घेत ते रांगेच्या टोकाला कप घेऊन उभे राहिले.

केशर गावित खुर्चीपाशी गेल्या. ठोंबऱ्यांच्या कवचावरची चकती काढून त्यांनी स्वतःच्या खिशाला लावली. मग रबरी सुरा उचलला आणि रांगेच्या दुसऱ्या टोकाला गेल्या.

पहिल्या शिपायाच्या गळ्याला त्यांनी सुरा टेकवला. “गेला.”

शिपायाने आपल्या बाहीकडे पाहिलं. बाही हलली नाही, म्हणून तोही हलला नाही.

दुसऱ्याच्या पोटाला. “गेला.” तिसऱ्याच्या बरगडीला. त्यांनी हात मागे नेऊन चांगला जोराने वार केला, सगळ्या खोलीला दिसेल असा. तिसरा हसत उभा होता. मॅडम गंमत करतायत, नाहीतर कवच हललं असतं. चौथ्याला सुरा येताना स्पष्ट दिसला. त्याच्या चेहऱ्यावर भीती आली, पण हात खालीच लोंबत राहिले, तीन महिने शिकवल्याप्रमाणे सैल.

“गेला. गेला. हाही गेला.”

“मॅडम, हे काय चाललंय?” टिळेकर उठले. “चकती काढा! कवचांना तुम्ही दिसत नाही आहात!”

“कवचांना नाही दिसत, डॉक्टर. यांना तर दिसतेय ना?”

त्या न थांबता पुढे सरकल्या आणि रांगेच्या टोकाशी चहा पिणाऱ्या ठोंबऱ्यांच्या जुन्या जखमेवर त्यांनी पूर्ण ताकदीने सुरा मारला.

कप फुटला. चहा आयुक्तांच्या बुटांवर उडाला. सुरा ठोंबऱ्यांच्या बनियनपासून वीतभर अंतरावर थांबला होता, कारण गावितांचं मनगट ठोंबऱ्यांच्या मुठीत होतं. त्यांच्या दुसऱ्या हाताचं कोपर गावितांच्या गळ्याशी येऊन थांबलं होतं, आणि ते ठोंबऱ्यांनी कुणी न सांगता थांबवलं होतं.

ठोंबऱ्यांनी आपल्या मुठीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

“मॅडम,” ते पुटपुटले, “हे कवचाने...”

“कवच खुर्चीवर आहे, ठोंबरे.”

ठोंबऱ्यांनी मूठ सोडली नाही. सोडायची घाई त्यांना दिसत नव्हती.

टिळेकर आधी सावरले. बुद्धिमान माणसं उत्तराच्या शोधात लवकर सावरतात. “चकती हरवली की नियंत्रण कक्षाला कळवायचं. आम्ही ती बंद करू.”

“गर्दीत आमचं आधी काय ओढून नेतात माहीत आहे? टोपी, काठी, नावाची पट्टी. आणि कळवायला तो शुद्धीवर हवा.”

“मग चकतीला अंगठ्याची ओळख जोडू. ज्याची त्यालाच चालेल.”

“जोडा. मग ते चकतीबरोबर अंगठाही नेतील.”

टिळेकर पांढरे पडले. असा विचार त्यांच्या प्रयोगशाळेत कधी आला नव्हता. तो तिथे यावा अशी माणसंच तिथे नव्हती.

“म्हणजे चकती काढून टाकायची?” आयुक्तांनी विचारलं.

“काढली तर सॅल्यूट आठवा, साहेब,” केशर गावित म्हणाल्या. “ज्या यंत्राला आपला कोण हे सांगावं लागतं, त्याला कुणीही खोटं सांगू शकतो. डॉक्टरांची चूक नाही. कवच समोरच्याचं शरीर वाचतं. त्याच्या मनात काय आहे ते नाही. यांना कवच घालू द्या. दहातले नऊ वार ते अडवेल, मी गादीवर पडून बघितलंय. दहावा ज्याचा त्याने अडवायचा. तो दुसऱ्या कुणावर सोपवता येत नाही, माझ्यावरही नाही.”

किल्लेदारसाहेबांनी बूट पुसला. मोठ्या अधिकाऱ्याला हार मान्य करायची असली की तो आधी नियम शोधतो. “चाचणीत तुम्ही कुणाची परवानगी न घेता सरकारी उपकरण...”

“हल्लेखोर परवानगी घेऊन येत नाही.”

“ठीक आहे. तालीम चालू राहील. पुढचं काय ते अर्ज करून...”

“उद्या सकाळपासून ही अख्खी तुकडी इथे येईल. कवचं बाहेर खुंटीला. डॉक्टरांची शिकवण अंगातून काढायला जितके दिवस लागतील तितके दिवस.”

“तुम्ही मागणी करताय, गावित?”

“कळवतेय, साहेब. ठोंबरे शिकवतील, माझ्याबरोबर.”

ठोंबऱ्यांनी चमकून वर पाहिलं. मग हळूच गावितांचं मनगट सोडलं, त्यांच्या खिशावरची आपली चकती काढून घेतली आणि रांगेकडे वळले. तुकडी अजून तशीच उभी होती, हात लोंबते ठेवून.

“ए, बाहुल्यांनो,” ते म्हणाले. “हात वर घ्या.”

हात वर यायला वेळ लागला. पण आले. शेवटी किल्लेदारसाहेबांचे आले; त्यांनी आजूबाजूला पाहिलं, आपल्यालाच सांगितलंय का याचा अंदाज घेतला, आणि केशर गावितांची नजर पाहून कोट काढला.