अण्णांच्या भिंतीतलं भोक

खोटं वाटत असेल तर बसवनगुडीला कावेरीअक्काच्या घरी जा आणि भिंत स्वतःच्या डोळ्यांनी बघून या. मी पदरचं काही सांगत नाहीये.

आणि रात्रबित्र नव्हती. गेल्या मार्गशीर्षातली भर दुपार होती.

आमची कावेरीअक्का अण्णांचं जुनं हातड्रिल घेऊन बसली होती. अण्णा म्हणजे तिचे वडील, वर्षापूर्वी गेले. कारखान्यात जन्मभर भोकं पाडली, पण घरात एक खिळा ठोकू दिला नाही. आधी खाकरायचे, मग म्हणायचे, "माझ्या भिंतीला हात लावायचा नाही!" त्यापायी आई गेल्यावर तिचा फोटोसुद्धा कपाटात, साड्यांखाली पडून राहिला.

"आधी अण्णांचा फोटो लाव," धाकटा भाऊ हर्ष म्हणाला.

"आधी आईचा. आणि त्यांच्याच ड्रिलनं!"

तिनं गंज घासला, रॉकेलनं धुतलं, तेल दिलं. सगळं खोलून समजून घेतलं. हँडल फिरवलं की मोठं दातेरी चाक छोट्याला गरागरा फिरवतं. पुढे चक असतो, त्याचे तीन जबडे भोक पाडणारं बिट पकडतात. बिट काढायचं तर एका हातानं चक घट्ट धरायचा आणि हँडल उलटं फिरवायचं.

हे नीट लक्षात ठेवा.

जुनी चुन्याची भिंत. अक्कानं बिट टेकवलं. किर्रर्र... किर्रर्र... पांढरा चुरा पडू लागला.

एकदम हँडल अडलं.

मग तिच्या हातातच... उलटं फिरलं.

टण्ण! बिट फरशीवर.

"दाते अडकले असतील," हर्ष दारातूनच म्हणाला. दाते स्वच्छ होते. अक्कानं बिट पुन्हा आवळलं. पुन्हा तेच.

तिचा एक हात मागच्या मुठीवर, दुसरा हँडलवर.

मग चक... कोणी धरला होता?

भिंतीजवळ कोणीतरी खाकरलं.

"बेडा अक्का! नको!" हर्ष पांढराफटक पडला.

घाबरली तीही. पण राग भीतीहून मोठा होता.

"अण्णा, हात सोडा! जिवंतपणी आईला तोंड उघडू दिलं नाहीत, आता भिंतही नाही? सोडा म्हणते ना!"

हँडल सुटलं. भोक पडलं. आई भिंतीवर आली.

तिथंच संपलं असतं तर बरं झालं असतं.

सकाळी फोटोशेजारी दुसरं भोक होतं. त्याच उंचीवर. खाली ताजा चुरा... आणि ड्रिल कुलूपबंद पेटीत.

"अक्का, त्यांना आईशेजारी जागा हवीय गं. लाव ना त्यांचा फोटो," हर्ष रडकुंडीला आला.

"सरी, बरं, लावते. आईनं हो म्हटलं की!" अक्कानं पुट्टीनं भोक बुजवलं.

ती बुजवते, ते पुन्हा पडतं. परवा मी गेलो तेव्हाही ते उघडंच होतं.

"भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते की. पण आई अजून काही बोललेली नाही."

तेवढ्यात भिंतीजवळ खाकरणं ऐकू आलं... अगदी हळू, परवानगी मागितल्यासारखं.

"थांबा अजून," अक्का भिंतीला म्हणाली आणि पुट्टी कालवू लागली.

मी कॉफी तशीच टाकून उठलो.