उपरण्याखालचा सौदा

मंगळवार पेठेत शेंगांच्या पोत्यावर बसून चन्नम्मा गाडीतल्या वडिलांना ऐकवत व्यापाऱ्यांना नावं ठेवत होती. अगदी त्यांच्या तोंडावर नाही… पण हळूही नाही.

"त्यो ढेरपोट्या बघा, आप्पा. म्हातारी गोचीड. आन् मागचा लुकडा, ती कालची. अजून रक्ताची चव लागली न्हाय. पण लागंल की!"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. तिनं वळून पाहिलं. उंच पोरगा, कपाळाला विभूती, खांद्यावर उपरणं.

"आन् मी कुटली गोचीड?"

"तुमी कुणाचे?"

"मडिवाळप्पा शेंगवाल्यांचा भाचा. रुद्रप्पा. माल घ्यायला आलोय."

"मंग तुमी बैलाच्या कानातली. दिसत न्हाय, सुटत न्हाय."

तो पुन्हा हसला. नफेखोराला असं मोकळं हसता येतं, हे चन्नम्माला ठाऊक नव्हतं. तिनं उगाच पदर सारखा केला.

थट्टा चालली होती खरी, पण तिचं लग्न आजच्या भावावर अडलं होतं. वैरागच्या एका बिजवराचं स्थळ आलं होतं. वयानं बापाएवढा, पण लग्नाचा सगळा खर्च तोच करणार. शेंगांना बरा भाव आला तर आपल्या ऐपतीनं दुसरीकडं जमवू, नाही तर वैरागला होकार, असं तिच्या वडिलांनी, चनबसप्पांनी, मैंदर्गीहून निघतानाच सांगितलेलं. आणि पेठेत पोचल्या पोचल्या त्यांना हिवतापानं घेरलं. घोंगडं पांघरून ते गाडीतच कुडकुडत होते.

"आप्पांना उठवा," रुद्रप्पा म्हणाला. "भाव करायचा हाय."

"माझ्यासंगं करा की."

"तुमच्यासंगं…? न्हाय, म्हंजे… बोटं धरावी लागत्यात."

"मंग? बाईला बोटं नसत्यात व्हय?"

पेठेत भाव तोंडानं कुणी बोलत नसे. उपरण्याखाली दोघांनी हात घालायचे आणि बोटं धरायची. चार बोटं धरली तर एक भाव, अंगठ्यासकट अख्खा पंजा धरला तर वरचा. शेजारच्याला पत्ता लागत नसे; नफा उपटायचा तो असा झाकून. आणि एकदा 'दिला' म्हटलं की दिला. सौदा मोडणाऱ्याला पेठेत कुणी दारात उभं करत नसे.

आजूबाजूचे हमाल थबकले. कुणीतरी खाकरलं. चन्नम्मानं बांगड्या मागं सारल्या आणि हात पुढं केला. रुद्रप्पानं चोरासारखं इकडंतिकडं बघत उपरणं टाकलं.

खाली त्याची बोटं तिच्या हाताला लागली. शेंगा फोडून खरखरीत झालेला हात. तिला एकाएकी त्याची लाज वाटली. त्यानं चार बोटं धरली… थांबला… आणि मग अंगठ्यासकट सगळा पंजाच मुठीत घेतला. त्याचा तळवा घामानं ओला होता.

"दिला!" चन्नम्मा ओरडली.

रुद्रप्पाचं तोंड बघण्यासारखं झालं. पण त्यानं मान डोलावली. "घेतला."

हे कळताच मडिवाळप्पा पेढीवरून तरातरा आले. "एन माडिदी लेका? काय केलंस हे! चारच्या वर जाऊ नगं म्हणलं होतं का न्हाय?"

"व्हय, मामा."

"ह्यो तोटा वर्षभर फुकट राबून फेडायचा. समजलं?"

"समजलं, मामा."

चन्नम्माचा जिंकल्याचा तोरा गळून पडला. मामा गाडीकडं वळल्यावर ती हळूच म्हणाली, "चूक झाली म्हणायचं हुतं की… मी सोडलं असतं."

"पेठेत नाव गेलं असतं."

"मंग चार बोटं धरून थांबायचं हुतं."

तो उपरण्याची घडी घालत राहिला. घडी काही जमेना. "थांबलोच हुतो… पण अंगठा तेवढा बाहेर ऱ्हायला, ते बरं वाटंना." कान लाल झाले त्याचे. "म्हणून त्योबी धरला. मंग… सोडवंना."

"लई उपकार झालं," चन्नम्मा म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. "माझं वैराग टळलं तुमच्यामुळं."

तिकडं मडिवाळप्पा चनबसप्पांच्या उशाशी बसले होते. धंद्यात मुरलेला माणूस. दोन पोरांची तोंडं त्यांनी केव्हाच वाचली होती.

"चनबसप्पा, ह्यो भाचा पेढीवर ठिवला तर माजं दिवाळं निघंल. तुमच्या घरात खपतोय का बघा. राबणं माफ करतो. हुंडा नको, मानपान नको."

या बोलण्यासाठी चन्नम्मानं पुढं जन्मभर त्या माणसाला देवाच्या आधी नमस्कार केला.

चनबसप्पांनी घोंगड्यातून डोकं बाहेर काढलं. "फुकाट? व्यापारी फुकाट देतोय म्हंजे मालात खोट आसंल."

"हाय की, आप्पा," चन्नम्मा म्हणाली. "मी बघितली. खोटीसकट ऱ्हाऊ द्या."